कुरटे बेटावरचा पहारा कधी उठला?

प्रश्न : माझे वडील जियाजीराव कॉटन मिलमध्ये नोकरीला होते, त्यामुळे आमचं सगळं आयुष्य बिर्लानगरातच गेलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. यंदा लेकीकडे सिंगापूरला जाणं झालं. तिथल्या सेंटोसा बेटावर नातवंडांबरोबर दिवसभर हिंडलो. केबल कार, वाळूचा किनारा, मोठमोठी हॉटेलं पाहिली आणि बेटाच्या एका टोकाला तोफा मांडलेला जुना किल्लाही पाहिला. हे अख्खं बेटच पूर्वी ब्रिटिश फौजेच्या ताब्यात होतं, असं तिथे कळलं. तेव्हापासून मनात घोळतंय, की आपल्या मराठी मुलखात असं एखादं बेट आहे का, जिथे एके काळी फक्त शिबंदी राहत होती आणि आता लोक सुट्टी घालवायला जातात? असेल तर हा बदल कधी झाला आणि कसा?
— एक वाचक, बिर्लानगर, ग्वाल्हेर

उत्तर : आहे. मालवणसमोरचं कुरटे बेट. त्यावरच्या किल्ल्याचं नाव सिंधुदुर्ग. तुमच्या ‘कधी’ला मात्र एका तारखेत उत्तर देता येत नाही. तिथला फौजी पहारा उठला १८१२ मध्ये आणि सुट्टीचे पाहुणे गर्दीने यायला लागले ते त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी. मधल्या काळात बेट कुणी सांभाळलं, हा मला या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

आधी तुम्ही पाहून आलात त्या बेटाविषयी थोडं. सेंटोसाचं जुनं मलय नाव ‘पुलाऊ ब्लाकांग माती’. यातला ‘माती’ हा शब्द आपला नव्हे. मलय भाषेत त्याचा अर्थ मरण. सिंगापूरच्या बंदराच्या तोंडावरच हे बेट असल्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी त्यावर तोफांचे मोर्चे बांधले. तुम्ही पाहिलेला सिलोसो किल्ला त्यांतलाच एक. या तोफखान्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली शीख आणि पंजाबी मुसलमान शिपाई मोठ्या संख्येने होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं, युद्ध संपल्यावर इंग्रज परतले आणि १९६७ मध्ये बेट सिंगापूर सरकारला मिळालं. तिथे तेलशुद्धीकरण कारखाना उभारावा असाही विचार होता. शहराची आखणी करणाऱ्या मंडळींनी त्याला विरोध केला, म्हणून आज तिथे झाडी आणि किनारा शिल्लक आहे. मग १९७२ मध्ये बेटासाठी खास महामंडळ स्थापन झालं आणि मरणाचं नाव पुसून ‘सेंटोसा’ हे नाव चाललं. हा शब्द मात्र आपल्या ओळखीचा आहे. संस्कृत ‘संतोष’ मलय भाषेत गेला, तोच हा. बेटावर राहणारी मूळ माणसं मुख्य भूमीवर हलवली गेली, १९७४ मध्ये केबल कार सुरू झाली आणि २०१० मध्ये मोठी मनोरंजननगरी. बेट आधी रिकामं केलं आणि मग नव्याने वसवलं, असा हा सरळ हिशेब.

आता कुरटे.

मालवणच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर अर्ध्या मैलाच्या आतबाहेर काळा तट दिसतो. होडी सुटते आणि सरळ किल्ल्याकडे जाण्याऐवजी उजवी-डावीकडे वळसे घेत जाते. नवख्या माणसाला वाटतं, तांडेल उगाच लांबून नेतोय. तांडेलाचं लक्ष असतं पाण्यावर. जिथे लाट नसतानाही पांढरा फेस उठतो, तिथे खाली खडक आहे. मालवणच्या या खाडीसारख्या बंदरात असे खडक जागोजाग आहेत, काही दिसणारे, बरेचसे न दिसणारे. वाट ठाऊक असलेला कोळी झोपेतही होडी आत आणेल आणि वाट ठाऊक नसलेलं मोठं जहाज तळ फोडून घेईल. शिवाजी महाराजांनी ही जागा निवडली ती याच खडकांसाठी.

त्या वेळची नड समजून घ्यायला हवी. जंजिऱ्याचा सिद्दी हटत नव्हता, गोव्यात पोर्तुगीज होते आणि इंग्रज-डचांच्या वखारी किनाऱ्यावर होत्या. स्वराज्याचं आरमार नुकतं कुठे उभं राहत होतं आणि त्याला दक्षिण कोकणात स्वतःचं घर हवं होतं. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कामाचा मुहूर्त झाला. भूमिपूजन झालं ती जागा किनाऱ्यावर आहे. तिला ‘मोरयाचा धोंडा’ म्हणतात आणि त्या खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. किल्ल्याकडे जाणारे बहुतेक पर्यटक हा धोंडा न पाहताच होडीत बसतात, याची मला चुटपुट लागते. त्यानंतर तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १६६५ मध्ये, महाराज याच मालवणहून गलबतांत बसून कर्नाटकातल्या बसरूरवर गेले. सोबत पंच्याऐंशी गलबतं आणि तीन मोठी जहाजं असल्याचं इंग्रजांच्या कागदांत आहे. किल्ल्याचं बांधकाम सुरू असतानाच बंदर कामाला लागलं होतं.

बांधकामाला तीन वर्षं लागली. हिरोजी इंदुलकरांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे, पुढे रायगड बांधला तेच हिरोजी. बेटाचं क्षेत्र सुमारे ४८ एकर, तटाची लांबी तीन किलोमीटरच्या आसपास, उंची जागोजाग तीस फूट आणि जाडी बारा फूट. पायाच्या दगडांत शिसं ओतलं असं परंपरा सांगते. हे सगळे आकडे पुस्तकांत सापडतात. मला त्यांपेक्षा दोन गोष्टी जास्त बोलक्या वाटतात. पहिली म्हणजे दरवाजा. होडी तटापासून हाकेच्या अंतरावर आली तरी दरवाजा दिसत नाही. दोन बुरूज एकमेकांना कवेत घेतल्यासारखे वळलेले आहेत आणि त्यांच्या बेचक्यात शिरल्यावरच महादरवाजा समोर येतो. समुद्रावरून डागलेला गोळा त्यावर सरळ बसूच शकत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तटाच्या जाडीतच बांधून काढलेले शौचकूप. चारी बाजूंनी पाणी असलेल्या बेटावर शेकडो माणसं वर्षानुवर्षं ठेवायची, तर रोगराई हा तोफेइतकाच मोठा शत्रू असतो. बांधणाऱ्याने हे आधीच ओळखलं होतं.

आणि गोडं पाणी. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. भर समुद्रात गोड पाणी कसं, हा प्रश्न होडीतल्या प्रत्येक मुलाला पडतो आणि त्याचं उत्तर सोपं आहे. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे ते खाली मुरलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहतं, दुधावर साय धरावी तसं. विहीर बेताची खोल ठेवली आणि उपसा बेताचा केला तर ही साय वर्षभर पुरते. अधाशासारखा उपसा केला की खालचं खारं पाणी वर येतं. बेटावर हॉटेल बांधायला निघालेल्या कुणीही हा हिशेब आधी करावा. तीन विहिरी पहारेकऱ्यांच्या घागरींना पुरल्या. तरणतलावांना त्या पुरणार नाहीत.

शंभर वर्षं हा किल्ला लढता राहिला. पुढे तो कोल्हापूरकर छत्रपतींकडे आला. मालवणच्या गलबतांचा इंग्रज व्यापाऱ्यांनी इतका धसका घेतला होता, की त्यांच्या कागदांत ‘मालवणी’ हा शब्द लुटारू याच अर्थाने येतो. आपल्या बाजूने पाहिलं तर परवाना न घेता आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांवरची ती जकातवसुली होती. १७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी आरमार पाठवून सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचं नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवलं. त्या वेळी कोल्हापूरचा कारभार जिजाबाई राणीसाहेब पाहत होत्या. पुढच्याच वर्षी तह होऊन, पैसा मोजून, किल्ला परत मिळाला. ऑगस्टस हे नाव तिथे रुजलं नाही, मालवणात आज ते कुणाला सांगूनही पटणार नाही. शेवटी १८१२ च्या तहाने कोल्हापूरने मालवण बंदर आणि त्याच्या रक्षणाचे सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट, सर्जेकोट हे चारही किल्ले इंग्रजांना दिले. पहारा उठला तो तेव्हा. पुढच्या काही वर्षांत पेशवाई संपली, मग वाफेची जहाजं आली, आणि खडकांमागे लपलेल्या बंदराची लष्कराला गरज उरली नाही.

ज्या जागेची लष्कराला गरज उरली नाही तिचं काय होतं, हे तुम्हाला ग्वाल्हेरात वेगळं सांगायला नको. तुमच्या किल्ल्यावर १८५८ पासून १८८६ पर्यंत इंग्रजांची फौज होती. किल्ला शिंद्यांना परत मिळाला आणि त्या फौजी बराकींत पुढे शाळा भरू लागली, ती आजची सिंधिया स्कूल. जागा मोकळी झाली आणि तिला लगेच नवा धनी, नवं काम मिळालं.

कुरट्यावर यातलं काहीच झालं नाही. तिथे ना शाळा आली, ना तुरुंग, ना कारखाना. तरीही बेट ओसाड पडलं नाही, कारण तिथे एक देव होता आणि त्याच्या सेवेला माणसं होती. राजाराम महाराजांच्या काळात, १६९५ मध्ये, किल्ल्यात शिवाजी महाराजांचं मंदिर बांधलं गेलं. त्याला शिवराजेश्वर म्हणतात. मूर्ती बसलेली आहे, चेहऱ्यावर दाढी नाही आणि डोक्याला कोळ्यांच्या टोपीसारखी टोपी. आपल्याला शाळेच्या पुस्तकांतून ओळखीच्या झालेल्या चित्रापेक्षा हे रूप इतकं वेगळं आहे, की पाहणारा क्षणभर थबकतो. दर्यावरच्या माणसांनी राजाला आपल्यातलाच एक म्हणून पाहिलं, असं मला तिथे उभं राहिल्यावर वाटलं. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी मंदिरापुढे सभामंडप बांधून दिला. जवळच तटावर दोन छोट्या घुमट्या आहेत. एकीत चुन्यात उमटलेला हाताचा पंजा आहे, दुसरीत पायाचा ठसा. दोन्ही महाराजांचे मानले जातात. तिथे येणारी म्हातारी माणसं आधी चपला काढतात, मग वाकतात.

किल्ल्यावरच्या सेवेकऱ्यांची घरं पिढ्यान्पिढ्या तिथेच राहिली. फौज गेली, राज्यं बदलली, पण पूजा आणि दिवा चालू राहिला. ती घरं आता मोजकीच आहेत आणि पावसाळ्यात दर्या खवळला की त्यांचे हाल असतात. पण सेंटोसात आणि सिंधुदुर्गात जो फरक आहे तो या घरांमुळे आहे. माणसं राहती असलेली जागा कुणाला सहजी ‘मोकळी जमीन’ म्हणता येत नाही.

सुट्टीचे दिवस आले ते बेटावर नाही, समोरच्या किनाऱ्यावर. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा जिल्हा निघाला आणि त्याला या किल्ल्याचंच नाव दिलं गेलं. १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. कोकण रेल्वेही त्याच सुमारास धावू लागली. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान झालं आणि ‘निवास व न्याहारी’ योजनेखाली मालवण, तारकर्ली, देवबागच्या घरांत पाहुण्यांसाठी एक-दोन खोल्या निघाल्या. पूर्वी जो पडवीत जाळी विणत बसायचा, त्याच्या घरी आता पुण्या-नाशिकचे पाहुणे सुरमईचं ताट आणि सोलकढी वाढून घेतात. हा बदल मला मनापासून चांगला वाटतो, कारण पैसा गावातल्याच घरात पडतो.

एक बाजू मात्र काळजीची आहे. जे खडक शत्रूची जहाजं फोडायचे, त्याच खडकांवर प्रवाळ वाढलं आहे. मालवणजवळचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, आणि त्यातला गाभ्याचा भाग किल्ल्याच्या आणि पद्मगडाच्या आसपास आहे. कठीण प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. आज पर्यटक नळी तोंडात धरून जिथे मासे पाहायला उतरतात ते हेच पाणी. त्यांतला एखादा दमला की पायाखाली लागेल त्यावर उभा राहतो. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते सेंटिमीटरभर वाढणारं प्रवाळ एका टाचेखाली मोडतं. होडीचा नांगर पडला तर त्याहून जास्त. दुसरीकडे रापण ओढणाऱ्या मच्छीमारांची तक्रार अशी, की अभयारण्याचे निर्बंध आम्हाला आणि पाण्यातले खेळ पाहुण्यांना. त्यांचं म्हणणं डावलून इथे काहीही टिकणार नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. या पाण्यातली वाट त्यांना ठाऊक आहे, महाराजांनाही ती त्यांच्याच पूर्वजांनी दाखवली असणार.

तुमच्या प्रश्नाची उलटी बाजूही आपल्या किनाऱ्यावर आहे, म्हणून सांगतो. कारवारसमोरचं अंजदीव बेट गोव्यात मोडतं. १५०५ मध्ये पोर्तुगीजांनी तिथे किल्ला बांधला. १६६० च्या दशकात मुंबईचा ताबा मिळण्याची वाट पाहत इंग्रजांची एक पलटण तिथे अडकून पडली आणि तिच्यातले बहुतेक शिपाई तापाने मेले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी हे बेट घेताना आपल्या नौदलाचे सात जवान कामी आले. पोर्तुगीज फौज गेल्यावर बेटावर चर्च राहिलं, दर वर्षी तिथे फेस्ताला लोक जायचे. पुढे कारवारचा नाविक तळ उभा राहिला, अंजदीव त्यात गेलं आणि आता सामान्य माणसाला तिथे पाऊल ठेवता येत नाही. बेटाची मोक्याची जागा बदलत नाही, म्हणून त्यावर लष्कर केव्हाही परतू शकतं. सिंधुदुर्गाशीही नौदलाचं नातं तुटलेलं नाही. ४ डिसेंबर २०२३ चा नौदल दिन तारकर्लीच्या किनाऱ्यावर, या किल्ल्याच्या साक्षीने साजरा झाला.

जगात याहून वेगळा मार्ग काढलेला एक बेटांचा पुंजका आहे, फिनलंडमध्ये हेलसिंकीसमोरचा सुओमेनलिना. १७४८ मध्ये स्वीडनने तिथे दुर्ग बांधायला घेतला, नंतर तो रशियाकडे गेला, मग फिनलंडकडे, आणि १९७३ मध्ये लष्कराने तो नागरी प्रशासनाकडे सोपवला. तिथे आज सुमारे आठशे माणसं राहतात आणि पर्यटकही येतात. १९९१ पासून तो जागतिक वारसा आहे. सिंधुदुर्गानेही ११ जुलै २०२५ रोजी त्या यादीत प्रवेश केला, मराठ्यांच्या आणखी अकरा किल्ल्यांबरोबर. मला विचाराल तर आपण सेंटोसाकडे न पाहता सुओमेनलिनाकडे पाहावं. किल्ल्यावर राहणाऱ्या घरांना बारमाही पाणी, वीज, दवाखान्याची होडी मिळाली, तर ती घरं टिकतील आणि घरं टिकली तर किल्ला जपला जाईल. राहण्याजेवण्याची सगळी सोय मालवणात आहेच. बेटावर एकही हॉटेल नाही आणि ते नसावं.

जाता जाता तुमच्या गावाचं एक समुद्री नातं. ग्वाल्हेर समुद्रापासून इतकं लांब, तरी पहिल्या महायुद्धात माधवराव शिंदे महाराजांनी एक जहाज विकत घेऊन त्याचं रुग्णालय-जहाज केलं होतं. त्याचं नाव ‘लॉयल्टी’. युद्ध संपल्यावर सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी आणि त्यांच्या भागीदारांनी ते घेतलं आणि कंपनीला शिंद्यांचंच नाव दिलं, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघालं. आज ५ एप्रिल राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो तो त्यामुळे.

नातवंडं सुट्टीत भारतात आली की त्यांना मालवणला जरूर घेऊन जा. मंगला एक्सप्रेस ग्वाल्हेरहून थेट कोकणात उतरते. रत्नागिरीला उतरून पुढे कुडाळ गाठलं की तिथून मालवण तीस किलोमीटरच्या आत आहे. दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. धक्क्यावर जाण्याआधी मोरयाचा धोंडा दाखवा, होडीत बसल्यावर मुलांना पाण्यावरचा फेस दाखवा आणि पाण्यात उतरलात तर प्रवाळावर पाय देऊ नका.